शंभराला चाळीस

बेबी त्रेसष्ट वर्षांची झाली तरी घरादारात ती बेबीच राहिली होती. हॉस्पिटलात मात्र हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तिथल्या प्लास्टर रूममध्ये तिनं चौतीस वर्षं काढली आणि त्या खोलीत तिचा असा वचक होता, की पट्टी ओली असताना हाडांचे मोठे डॉक्टरसुद्धा तोंडातून ब्र काढत नसत. प्लास्टर धरलं की नाही, हे ती घड्याळाकडे न बघता सांगायची. तळवा ठेवायची, क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, "आता सोडा." निवृत्त होऊन तिला तीन वर्षं झाली होती, पण अजूनही कुणाचा हात हातात घेतला की तिची बोटं आपोआप मनगटाचं हाड चाचपायची.

एका सकाळी दादाचा फोन आला. दादा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा.

"बेबी, येतेस का? जरा काम आहे."

"काय काम?"

"ये तर खरी. फोनवर सांगण्यासारखं नाही."

या वयात फोनवर न सांगण्यासारखं म्हणजे डॉक्टरांचे रिपोर्टच. दोन बस बदलून, जिने चढून ती धापा टाकत पोचली. वहिनीनं दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून कपाळाला हात लावला.

"घाबरलीस ना? मी म्हटलं होतं त्यांना, धड सांगा म्हणून. कुणाला काही झालेलं नाही. फक्त जेवायचं टेबल गेलंय. पंधरा दिवस झाले, आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतोय."

टेबलावर, जुन्या चादरीवर, ग्लायडर ठेवलेलं होतं, बिनइंजिनाचं मॉडेल विमान. दोन्ही पंख सुटे, मधलं धड वेगळं, शेपटी वेगळी. सगळं बाल्सा लाकडाचं. बाल्सा इतकं हलकं, की हातात घेतलं तरी काही घेतलंय असं वाटू नये, आणि इतकं मऊ, की नख लागलं तरी खूण उठावी. पंखांवर बाल्साची नवी पांढरट पातळ पट्टी चढवली होती, पण धडाचं लाकूड जुनं होतं, मधासारख्या रंगाला आलेलं. नाकाजवळ पेन्सिलीनं काढलेली एक बारीक रेघ होती. बेबीनं ती ओळखली. ती तिनंच काढली होती, सतरा वर्षांची असताना.

"हे तू ठेवलंयस?" तिचा आवाज तिलाच चमत्कारिक वाटला. "अजून?"

"माळ्यावर होतं. वर्तमानपत्रात गुंडाळून." दादा खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "कापड खरवडून काढायलाच आठवडा गेला. पंखांवर वर्तमानपत्राची अक्षरं उमटली होती गं. उलटी. सगळी बातमी वाचता येत होती आरशात."

"म्हणजे शेवटपर्यंत वाळलंच नाही ते?"

"नाही वाळलं," दादा म्हणाला आणि खिडकीकडे बघायला लागला.

बेबी खुर्चीवर बसली. त्या दिवसांत त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या. वडील हवामान खात्याच्या कार्यशाळेत उपकरणं जुळवायचे. वारा मोजायची, दाब मोजायची, असली नाजूक यंत्रं. माणूस मोठा प्रेमळ, पण मापाच्या बाबतीत एकदम कडक. त्यांच्याकडे पितळी पारड्यांचा एक छोटा काटा होता, आणि तो ते कुणाला हात लावू देत नसत. फक्त बेबीला द्यायचे. "हिचा हात हलत नाही," असं आल्यागेल्याला सांगायचे. संध्याकाळी ते कामावरून आले, की तिघं मिळून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लाकूड कापत बसत. दादा आकार काढायचा, बेबी कापायची, वडील चष्मा कपाळावर सरकवून पंखाची प्रत्येक फासळी दिव्यासमोर धरायचे. घरभर भुसा. आई म्हणायची, भातातसुद्धा लाकूड लागतं तुमच्या. सरसाचा वास, घासलेल्या लाकडाचा गोडसर वास, आणि रेडिओवर काहीतरी मंद चाललेलं. बेबीला पुढे आयुष्यात पुष्कळ चांगले दिवस मिळाले, पण त्या संध्याकाळींसारखं निवांत तिला कधी वाटलं नाही.

ग्लायडर सहा महिन्यांत झालं. दोरीनं वर ओढायचं, वर गेलं की दोरी सुटायची आणि ते हवेत तरंगत राहायचं. जास्तीत जास्त वेळ ज्याचं तरंगेल तो जिंकणार, अशी क्लबची स्पर्धा होती. लाकूड मजबूत व्हावं म्हणून त्यावर काचेच्या धाग्यांचं तलम कापड चढवायचं ठरलं. कापडावर इपॉक्सी रेझिन लावायचं. रेझिन एका बाटलीत, हार्डनर दुसऱ्या बाटलीत, दोन्ही मापात मिसळली की हळूहळू दगडासारखी होतात. माप बेबीनं घेतलं, वडिलांच्या काट्यावर. शंभर भाग रेझिनला चाळीस भाग हार्डनर.

ते वाळलं नाही. दुसऱ्या दिवशी चिकट, तिसऱ्या दिवशी चिकट, स्पर्धेच्या दिवशीही चिकट. तरी दादा ते मैदानावर घेऊन गेला. पंखांना गवताच्या काड्या चिकटल्या, माती चिकटली. परीक्षकांनी बघायला हातात घेतलं तर त्यांचा तळवा निघेना. सगळं मैदान खो खो हसलं. त्या अंगावरच्या वजनानं ते वर गेलं तसंच नाकावर खाली आलं.

घरी आल्यावर वडिलांनी बोट लावून बघितलं. "कुणी मिसळलं हे?"

"मी," बेबी म्हणाली.

ते ओरडले नाहीत. त्यांनी काटा फडक्यात गुंडाळला, कपाटात ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली. पुन्हा तो तिच्या हातात कधी आला नाही. ओट्यावरच्या त्या संध्याकाळीही मग बंद झाल्या.

"मग आता काय काम आहे माझं?" बेबीनं विचारलं.

दादानं आपला उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती, वाऱ्यावर कागद हलावा तशी. "घासता येतं. चिकटवताही येतं कसंबसं. पण ओलं कापड पंखावर पसरायचं म्हणजे... हा हात आता माझं ऐकत नाही. तू येशील?"

"चल," बेबी म्हणाली. "सामान कुठे मिळतं?"

---

दुकान एका गल्लीत होतं, खालच्या मजल्यावर, आणि छतापासून विमानांचे सांगाडे टांगलेले होते. दुकान चालवणारी बाई चाळिशीची, गळ्यात दोरीला चष्मा, अंगठ्यावर वाळलेल्या सरसाचा पापुद्रा. दादानं कापड निवडलं, इतकं पातळ की फुंकर मारली तर उडावं. मग हार्डनरची पाळी आली. बाईनं तीन बाटल्या ओळीनं मांडल्या.

"रेझिन तेच. हार्डनर तीन. हे झटपट, पंधरा मिनिटांत धरतं. हे मधलं, पाऊण तास. आणि हे सावकाश, दोन तास तरी हाताळता येतं, पुरतं वाळायला एक दिवस."

"झटपट द्या," दादा म्हणाला.

"काका, पंख केवढा आहे?"

दादानं दोन्ही हात फाकवले. ते पुरले नाहीत.

"मग झटपट घेऊन फसाल. अर्ध्या पंखावर कापड बसवेपर्यंत वाटीतलं सगळं गरम होऊन गुठळी होईल. झटपट हे मोडलेलं जोडायला. कापड चढवायचं तर सावकाश. बुडबुडे काढायला, सुरकुत्या सरळ करायला वेळ मिळतो. रेझिन लाकडात नीट मुरतं, आणि जास्तीचं टिपूनही घेता येतं. खोली किती थंड असते तुमची?"

"गारठा असतो सकाळी," बेबी म्हणाली.

"मग खोली गरम करा. सावकाशवाल्याला गारठा सोसत नाही."

बेबीला हे सगळं घरचंच बोलणं वाटत होतं. "आमच्या प्लास्टरचंही असंच. पाणी कोमट घेतलं की लवकर धरतं. बोटाचं हाड असेल तर चालतं. मांडीचं असेल तर गार पाणी घ्यावं, नाहीतर पट्ट्या गुंडाळून व्हायच्या आत दगड."

"अगदी बरोबर, मावशी."

"अहो, पण दिवसभर कोण थांबणार?" दादा म्हणाला. "मी सत्तरीला टेकलो. सावकाशच द्यायचं तर द्या, पण मग दोन थेंब जास्त घालू, म्हणजे होईल लवकर."

बाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "ती चूक तेवढी करू नका. होड्यांना लावतात ते रेझिन वेगळं. त्यात थेंब वाढवले की लवकर वाळतं. इपॉक्सीचं तसं नाही. इथे रेझिन आणि हार्डनर यांचं माप ठरलेलं असतं. जास्त घातलेल्या हार्डनरला जोडीदारच मिळत नाही, ते तसंच मोकळं राहतं. मग वर्षानुवर्षं चिकट."

दादानं पुढे केलेला हात मागे घेतला. बेबीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तो समोरच्या बाटल्यांकडे बघत होता.

"म्हणजे," बेबीनं हळूच विचारलं, "कमी पडलं तरी चिकट आणि जास्त पडलं तरी चिकट?"

"हो. सावकाश असो की झटपट, माप चुकलं की संपलं."

सेहेचाळीस वर्षं बेबी धरून चालली होती, की आपण हार्डनर कमी घातलं. चाळीसच्या जागी तीस वाचलं असेल, काटा नीट बसला नसेल. जास्तीचा विचार तिच्या मनात कधी आलाच नव्हता. त्यांनी सावकाशची बाटली घेतली. पिशवी बेबीच्या हातात होती.

दुकानाबाहेर एक बाक होतं. दादा त्यावर बसला.

"बेबी, बस जरा."

"उभीच बरी आहे. बोल."

"तू कापड आणायला आत गेली होतीस. आठवतंय? वाटी ओट्यावर होती." तो गुडघ्यांकडे बघत बोलत होता. "त्या आठवड्यात मी होड्यांच्या कारखान्यात जाऊन आलो होतो. तिथली माणसं असंच करायची, घाई असली की थोडं वाढवायची. मला वाटलं, रविवारी स्पर्धा, वाळायला हवं. मी एक चमचा हार्डनर अजून घातलं. ढवळलं. तू आलीस आणि लावायला लागलीस."

समोरून एक टेम्पो गेला. बेबी तो कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.

"बाबांनी विचारलं तेव्हा तू तिथेच उभा होतास," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या शेजारी."

"बाबांनी कार्यशाळेत माझ्यासाठी शब्द टाकला होता. सोमवारी मुलाखत होती. मापाचं काम. मला वाटलं, हे कळलं तर ते मला उभंही करणार नाहीत. नंतर सांगीन म्हटलं. नोकरी पक्की झाली की सांगीन. मग तुझं लग्न ठरलं, मग..."

"दोन जागा होत्या," बेबी म्हणाली.

दादानं वर बघितलं.

"कार्यशाळेत त्या वर्षी दोन शिकाऊ जागा होत्या. बाबा मला म्हणाले होते, तुझंही नाव देतो. त्या रविवारनंतर दिलं नाही. तुला माहीत होतं?"

"नाही. शपथ घेऊन सांगतो, नाही."

तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, पण आला तो राग, आणि तोही इतका स्वच्छ की तिला स्वतःचंच नवल वाटलं. समोर बस थांबली. ती पिशवी घेऊन बसमध्ये चढली आणि खिडकीबाहेर न बघता बसून राहिली. घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की दादाकडे ग्लायडर आहे आणि रेझिन, हार्डनर, कापड, सगळं आपल्याकडे.

---

तीन दिवस तिनं फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी वहिनीच्या नंबरवरून आला म्हणून उचलला.

"मी फोन केला हे त्यांना सांगू नकोस," वहिनी कुजबुजली. "मला कालच सगळं सांगितलं. इतकी वर्षं संसार केला, मलाही पत्ता नव्हता. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, मी मुळीच म्हणणार नाही ये म्हणून. फक्त एवढंच विचारते, या टेबलाचं मी काय करू? ते त्याला हातही लावत नाहीत आणि मला लावू देत नाहीत."

बेबीला हसू आलं. "अजून मांडीवरच का?"

"मांडीवरच!"

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. मग तिनं पिशवी उघडली. रेझिन गारठ्यानं घट्ट झालं होतं, म्हणून बाटली कोमट पाण्यात ठेवली. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुसून घेतला. पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापले, दोन्हींवर कापडाची एकेक चौकोनी पट्टी ठेवली. पहिल्या वाटीत शंभराला चाळीस. दुसऱ्या वाटीतही शंभराला चाळीस, आणि वर एक चमचा हार्डनर. दोन्ही सारखी ढवळली, मनातल्या मनात आकडे मोजत. लावली. पुठ्ठ्यांवर पेन्सिलीनं लिहिलं: 'मी' आणि 'दादा'. ते खिडकीजवळ ऊन येतं तिथे ठेवले आणि त्यांच्यावर जाळी झाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आधी तिनं जाळी उचलली. 'मी'वर नख मारलं. टक् असा आवाज आला, नख घसरलं, खूण उठली नाही. 'दादा'वर अंगठा ठेवला. अंगठा निघताना बारीक तार ओढली गेली.

तेव्हा मात्र तिला रडू आलं. ओट्याला टेकून ती चांगली मनसोक्त रडली. तिशीत, चाळिशीत, किती वेळा तिनं प्लास्टरची पावडर पाण्यात सोडताना हात आखडता घेतला होता. चुकेल, आपलं माप चुकतं, असं मनाशी म्हणून पुन्हा मोजलं होतं. लोक म्हणायचे, बाई किती काळजीपूर्वक काम करते. आणि चूक तर मुळात झालेलीच नव्हती.

मग तिनं तोंड धुतलं, दोन्ही पुठ्ठे वेगवेगळ्या डब्यांत ठेवले, सामानाची पिशवी घेतली आणि बस पकडली.

दादानं दार उघडलं. तो काही बोलायच्या आत ती आत गेली आणि पुठ्ठे त्याच्यासमोर धरले.

"यावर बोट ठेव. आता यावर."

त्यानं ठेवलं. दुसऱ्या पुठ्ठ्याला त्याचं बोट चिकटलं आणि थरथरत्या हातानं ते पटकन सुटेना. पुठ्ठाही हाताबरोबर हलायला लागला.

"माफ कर, बेबी," तो म्हणाला.

"ते मी बघीन," बेबी म्हणाली. "आज करीन असं नाही. तोपर्यंत खोली गरम कर. वहिनी, हीटर आहे ना? आणि हे बघ दादा, माप मी घेणार, ढवळणार मी, लावणार मी. तू घड्याळ बघायचं आणि मागितलं ते द्यायचं. वाटीजवळ फिरकायचं नाही."

"बरं," दादा म्हणाला.

हीटरनं खोली तापली. वहिनीनं दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. बेबीनं हातमोजे चढवले, ते चढवतानाचा ओळखीचा आवाज ऐकून तिला बरं वाटलं. कापड कोरडंच पंखावर अंथरलं, मऊ ब्रशनं मधून कडेकडे झटकत सरळ केलं. मग माप घेतलं. शंभराला चाळीस. रेझिन खोल वाटीत न ठेवता पसरट ताटलीत ओतलं, साचून तापू नये म्हणून. पंखाच्या मधोमध थोडं ओतलं आणि प्लास्टिकच्या कार्डानं बाहेर ओढायला सुरुवात केली. कार्ड हॉस्पिटलचं जुनं ओळखपत्र होतं, त्यावर तिचा तिशीतला फोटो, रागावलेला.

पांढरं कापड जिथे भिजे तिथे दिसेनासं होई. जणू पंखावर कापड नाहीच, नुसता लाकडाचा रंग गडद होत चाललाय. दादा नाक पुढे काढून बघत होता.

"बुडबुडा," तो म्हणाला.

"दिसला. घड्याळ बघ तू."

"वीस मिनिटं."

"झटपट घेतलं असतं तर एव्हाना बोंबललो असतो."

पहिला पंख झाला. दुसऱ्याला तिनं सुरुवात केली. घाई नव्हती, हात आपला चालला होता, एकाच दिशेनं, सावकाश. तेवढ्यात ती खाली मान घालूनच म्हणाली, "बाबांना कधी सांगितलंस का?"

दादानं घड्याळावरची नजर काढली.

"सांगितलं," तो म्हणाला. "शेवटच्या आजारपणात. तू दिवसाच्या पाळीला गेली होतीस, मी त्यांच्यापाशी बसलो होतो."

बेबीचा हात थांबला नाही. थांबला असता तर तिथे वळी पडली असती. "काय म्हणाले?"

"म्हणाले, मला कशाला सांगतोस, तिला सांग. मी म्हटलं, सांगतो. मग म्हणाले, तिचा हात हलत नाही हे मला माहीत होतं. मीच कसा फसलो."

"आणि तू एकोणीस वर्षं घेतलीस."

"हो."

"मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं ते, दादा. तेव्हा सांगितलं असतंस तर मी पाळी सोडून आले असते."

"माहीत आहे."

वहिनी दारात उभी होती. ती आत आली, तिनं बेबीच्या कपाळावर आलेले केस मागे सारले आणि पुन्हा बाहेर गेली. बेबीनं दुसरा पंख पुरा केला. मग मऊ कागदाचा रोल पंखावरून फिरवून जास्तीचं रेझिन टिपून घेतलं, वजन नको म्हणून. कागद भिजत गेला तशी पंखावरची चकाकी जाऊन मंद, रेशमी पोत उरला.

"एक तास चाळीस," दादा म्हणाला.

"चहा," बेबी म्हणाली.

---

खालची बाजू, मग धड, मग शेपटी, असं करत आठवडा गेला. ग्लायडर वाऱ्याच्या एका सकाळी त्यांनी मैदानावर नेलं. पळायला दादाचे गुडघे नव्हते आणि बेबीचेही नव्हते. शेवटी दोरी घेऊन वहिनी पळाली, बुटांच्या नाड्या आवळून, आणि दोघांनाही तोंडात बोटं घालायला लावली. दोरी सुटली. ग्लायडर एका बाजूला किंचित कललं, सावरलं, आणि मोठा गोल घेत मैदानावरून फिरत राहिलं. दादानं वेळ घेतली, एक मिनिट पन्नास सेकंद. पूर्वीच्या स्पर्धेत शेवटून दुसरा नंबर आला असता इतपत. पलीकडच्या उंच गवतात ते उतरलं आणि ते शोधण्यात त्यांची पाऊण सकाळ गेली. शेपटी जड आहे असं बेबीचं म्हणणं, नाक हलकं आहे असं दादाचं. वहिनी म्हणाली, काय असेल ते असो, पण आज दुपारी मी टेबलावर जेवणार.

त्यानंतर बेबी दर मंगळवारी दादाकडे जाऊ लागली. नवं ग्लायडर तिनं स्वतःचं करायला घेतलंय, आकारही तीच काढते, आणि दादा फासळ्या उजेडाला धरून बघतो. बहुतेक मंगळवार हसण्याखिदळण्यात जातात. एखाद्या मंगळवारी मात्र काही कारण नसताना, लाकूड घासता घासता, तिला कार्यशाळेतल्या त्या दोन जागा आठवतात आणि ती एकदम गप्प होते. दादाला ते कळतं. तो काही विचारत नाही, समजूत घालत नाही, रेडिओही लावत नाही. घासण्याचा कागद खाली ठेवतो आणि ती पुन्हा बोलेपर्यंत तिच्या समोर बसून राहतो.